माझ्या नावाला चौऱ्याहत्तर

गेल्या रविवारी दुपारी जेवणं आटोपून मी ओटा पुसत होते आणि बाहेरच्या खोलीतून लेकीचा आणि आईचा हसण्याचा आवाज येत होता. कपाटाच्या खणात करोनाच्या वेळचा ऑक्सिमीटर पडून होता, तो लेकीने शोधून काढला, त्यात नवे सेल घातले आणि आजीच्या डाव्या बोटाला चिमटा लावला. उजव्याला नाही, उजवा हात स्ट्रोकपासून गारच असतो, त्या बोटांवर मशीन नुसत्या रेघा दाखवतं, हे तिला आता पाठ झालंय. मग तिने खेळ काढला. एकेक नाव घ्यायचं आणि आकडा बघायचा. "मामा!" ७६. "खालच्या काकू!" ७५. "ओल्या नारळाच्या करंज्या!" ८२, आणि आजी खुदकन हसली. "आई!" ७४. परत एकदा, मोठ्याने, "आई!" ७४. "आई गं, बघ ना, तुझ्या नावाला आजीचे ठोके वाढतच नाहीत!" मी हात न पुसताच बाहेर आले, चिमटा काढून घेतला आणि "खेळणं आहे का ते" असं जरा जोरातच म्हटलं. लेक हिरमुसली. आईने माझ्याकडे बघितलं आणि म्हणाली, "बरं."

आई सगळ्यालाच "बरं" म्हणते.

तिच्याकडे राहिलेला तो एवढाच शब्द आहे. चहा हवाय का, बरं. लाईट गेली, बरं. दादाचा फोन आलाय, बरं. पण सूर मात्र शाबूत आहेत तिचे, त्यामुळे कौतुकाचं बरं वेगळं, कंटाळ्याचं वेगळं, आणि "आता पुरे कर तुझं" हे सांगणारं बरं तर घरात सगळ्यांना कळतं. आकडे मोजायला लागली की एक ते वीस सुरळीत येतात, संध्याकाळी आरती सुरू झाली की शब्दन् शब्द येतो, आणि आरती संपली की पाण्याला पाणी म्हणता येत नाही. पाठ झालेलं आणि मनातून काढून बोलायचं, यांच्या वाटा मेंदूत वेगळ्या असतात असं स्पीच थेरपीवाल्या ताई सांगतात. पण हे एक "बरं" यायलाही तीन आठवडे लागले होते. त्याआधी आमच्याकडे नुसता मॉनिटर होता, आणि रविवारी मी ज्यावर चिडले ते तिथलं आहे, लेकीच्या खेळाचं नाही, हे मला रात्री भांडी लावताना कळलं.

दोन वर्षांपूर्वीची श्रावणातली सकाळ. आई कोथिंबीर निवडत बसली होती. जुडी हातातून गळत होती आणि ती परत उचलत होती, परत गळत होती, चिडत नव्हती, जुडीलाच काहीतरी झालंय असा चेहरा करून बघत होती. मी विचारलं काय गं, तर तोंडातून नुसते अर्धेमुर्धे आवाज आले. खालच्या काकांनी टॅक्सी थांबवली, आणि तासाभरात आम्ही हॉस्पिटलला होतो. सीटी स्कॅनमध्ये रक्तस्राव नव्हता, गुठळी होती, आणि गुठळी विरघळवायचं इंजेक्शन साडेचार तासांच्या आत देता येतं, ते वेळेत दिलं गेलं. इंजेक्शननंतर ब्लडप्रेशर १८० / १०५ च्या वर जाऊ द्यायचं नाही म्हणून सारखं मोजत होते. मी दंडाला बांधलेल्या त्या कफचा फुगण्याचा आवाज ऐकत बसले होते आणि डोक्यात आदल्या रात्रीचं वाक्य घुमत होतं. आदल्या रात्री आई म्हणाली होती, उजव्या हाताला मुंग्या आल्यात गं, कसंतरीच होतंय. मी फोनवरून डोकं वर न काढता म्हटलं होतं, कुशीवर झोपली असशील, जातील.

दुसऱ्या दिवशी सकाळी एका ज्युनियर डॉक्टरने बाहेर बोलावून सांगितलं की ईसीजी बिघडलाय आणि रक्तातलं ट्रोपोनिन, म्हणजे हृदयाचा स्नायू दुखावला की रक्तात उतरणारं प्रथिन, वाढलंय. ट्रोपोनिन म्हटल्यावर दादाच्या पायातलं बळच गेलं, तो भिंतीला टेकला, कारण बाबांच्या वेळी हाच शब्द आम्ही ऐकला होता. म्हणजे आता हार्ट अटॅकपण? आई आयुष्यात कधी छातीत दुखतंय म्हणाली नव्हती. कागदावर लाटा दाखवल्या त्यांनी, एरवी वर असणाऱ्या टेकड्या सगळ्या खाली लोंबत होत्या, खोल खड्ड्यांसारख्या. दुपारी न्यूरोच्या मॅडम आल्या. त्यांनी इको, म्हणजे हृदयाची सोनोग्राफी, बघितला, रक्ताचे दोन रिपोर्ट शेजारी शेजारी ठेवले आणि म्हणाल्या, हृदयाची नळी बंद पडून झालेलं हे वाटत नाहीये, आकडा थोडा वाढला आणि तिथंच थांबला. मेंदूत जे झालं त्याचा हिसका हृदयाला बसलाय. असे ईसीजी अमेरिकेतल्या डॉक्टरांनी १९५४ सालीच नोंदवून ठेवलेत, हेही त्यांनी सांगितलं, आणि का कोण जाणे, त्या सालाने मला धीर आला. आपल्या जन्माच्या कितीतरी आधी कुणीतरी हे बघून ठेवलंय.

हिसका म्हणजे नेमकं काय, ते मी नंतर त्यांच्या मागे लागून लागून समजून घेतलं. हृदय तसं स्वतःच्या जोरावर चालतं. त्याच्यात स्वतःची एक गाठ असते, ती मिनिटाला शंभराच्या आसपास ठोके द्यायला तयारच असते. आपण शांत बसलेलो असतो तेव्हा जे ७०-७२ दिसतात ते मेंदूतून खाली आलेल्या व्हेगस नावाच्या नसेने लगाम खेचून धरलेला असतो म्हणून. १९६८ च्या फेब्रुवारीत आपल्याच परळच्या केईएम हॉस्पिटलमध्ये डॉ. पी. के. सेन यांनी भारतातलं पहिलं हृदय बदलायचं ऑपरेशन केलं, तो पेशंट काही तासच जगला. आई तेव्हा बारा वर्षांची. तिच्या आजीने म्हणे चाळीच्या कॉमन गॅलरीत सगळ्यांसमोर विचारलं होतं की काळीज दुसऱ्याचं बसवलं तर मग माया कुणाची लागणार. आई हे आम्हाला कितीदा सांगायची, केईएमवरून बस गेली की हमखास. तर असं बदललेलं हृदय मेंदूशी एकाही नसेने जोडलेलं नसतं, तरी ते चालतं, फक्त जरा वेगात, ९०-१०० च्या घरात, कारण लगाम धरणारं कुणी उरलेलं नसतं. हे ऐकल्यावर मला बराच वेळ काही सुचलं नाही. शांत असणं म्हणजे काहीच न करणं असं मी धरून चालले होते, आणि इथे तर कुणीतरी दिवसरात्र लगाम ओढून बसलंय.

आणि दुसऱ्या बाजूला चाबूक. मेंदूला मोठी इजा झाली की हृदयात शिरलेल्या नसांच्या टोकांमधून नॉरअॅड्रिनलिन हे चेतवणारं रसायन भसाभस सुटतं, थेट स्नायूवर. पोटरीत पेटका येतो तसं त्या स्नायूचे काही धागे आवळतात ते सुटतच नाहीत, काही मरतात, आणि त्यातलं ट्रोपोनिन रक्तात उतरतं. नळी मोकळी, तरी हृदय दुखावलेलं. याचं सगळ्यात मोठं रूप जपानमधल्या डॉक्टरांनी १९९० च्या सुमाराला सांगितलं, ताकोत्सुबो, म्हणजे ऑक्टोपस पकडायचं मडकं, अरुंद गळ्याचं आणि फुगीर बुडाचं, कारण हृदयाचा डावा कप्पा तसा फुगून बसतो. जवळचं माणूस गेल्यावर होतं, जबर भीतीने होतं, स्ट्रोकनंतरही होतं, आणि पन्नाशी उलटलेल्या बायकांनाच जास्त. आईला ते झालेलं नव्हतं. पण मला आमच्या चाळीतल्या एक मावशी आठवल्या, मुलगा गाडीखाली गेल्याचं कळलं आणि त्या आठवड्यात त्याही गेल्या. सगळे म्हणाले धसका घेतला. कुणाला त्यात काही समजावून सांगावंसं वाटलं नव्हतं. धसका घेतला म्हटलं की सगळं कळायचं.

मॅडमनी रिपोर्टच्या पाठीमागे मेंदू काढून दाखवला होता. कानाच्या वर आत खोल, दोन घड्या बाजूला केल्या तरच दिसेल असा एक भाग, इन्सुला. राइल नावाच्या जर्मन डॉक्टराने १८०९ साली त्याचं वर्णन केलं, आणि इन्सुला म्हणजे बेट. आईचं नुकसान त्या बेटापर्यंत पोचलं होतं. कॅनडातल्या लंडन नावाच्या गावात १९९२ साली डॉक्टरांनी फिटच्या पेशंटच्या ऑपरेशनमध्ये याच भागाला हलकासा करंट देऊन बघितला होता, पाचच पेशंट होते, पण उजवीकडे दिला की जास्तकरून ठोके आणि प्रेशर वाढायचे आणि डावीकडे दिला की उतरायचे. कुठल्या बाजूचं नुकसान हृदयाला जास्त जड जातं यावर डॉक्टरांमध्ये अजूनही वाद आहेत म्हणे. मी मात्र बेट या शब्दावरच अडकले. आम्ही राहतो ते परळही एकेकाळी बेटच, मुंबईच्या सात बेटांतलं एक. भर घालून घालून ते असं बुजलंय की चालताना कुठे बेट संपलं ते पायाला कळत नाही, फक्त जुलैत पाणी भरतं तेव्हा हिंदमाताला कळतं की खाली अजून जुनाच उतार आहे.

आता त्या मॉनिटरचं.

आयसीयूत सकाळी पंधरा मिनिटं आणि संध्याकाळी पंधरा मिनिटं सोडायचे. आईचे डोळे अर्धवट उघडे, नजर कशावरच नाही, तोंडाची एक बाजू ओघळलेली. तिचा चेहरा म्हणजे आमच्या घरातलं वर्तमानपत्र, कोण आलं, कोण रुसलं, डाळ लागली का, सगळं त्यावर छापून यायचं, आणि आता तिथे काहीच नव्हतं. त्यामुळे मी वर बघायला लागले, हिरव्या आकड्याकडे. पहिले दोन दिवस तो इतका स्थिर होता की मला ते चांगलं लक्षण वाटलं. ते तसं नसतं. बाबा आमच्या मंडळाच्या भजनात पखवाज वाजवायचे, त्यांचा ठेका कधी घड्याळासारखा नसायचा, गाणाऱ्याच्या श्वासाबरोबर कणभर पुढेमागे व्हायचा. निरोगी हृदय तसंच वाजतं, श्वास घेताना जरा घाईत, सोडताना जरा निवांत, आणि स्ट्रोकनंतर ही लवचीकता कमी होते. ७१, ७१, ७१. तेव्हा हे माहीत नव्हतं.

तिसऱ्या दिवशी मी तिचा डावा हात धरला आणि सांगितलं की कोथिंबीर तशीच फ्रीजमध्ये ठेवलीय, तू आलीस की वड्या करू. ७१ चे ८८ झाले. माझ्या अंगावर काटा आला. बाहेर येऊन दादाला सांगितलं, ती ऐकतेय रे. मग मी रोज बोलायला लागले आणि दादापण. बाबांचं नाव घेतलं, ९२. नातीला सर्दी झालीय, ८५. शेजारच्यांनी गॅलरीत परत कुंड्या ठेवल्यात, ९०, आणि आम्ही दोघं तिथे तोंड दाबून हसलो, कारण त्या कुंड्यांवरून तिचं किती वर्षांचं भांडण होतं. चौथ्या दिवशी संध्याकाळी दादाला मी बाहेर थांब म्हटलं. वाकून तिच्या कानाशी मुंग्यांचं बोलले. तू सांगत होतीस आणि मी बघितलंही नाही, रात्रीच आणलं असतं तर, असं काय काय. मग वर बघितलं. १०४. बघता बघता १०९ आणि परत १०४. चेहरा तसाच, ओघळलेला, निर्विकार. मला कळेना ते काय आहे. राग आहे का. का ती सांगतेय की असू दे गं. सिस्टर आल्या, वेळ संपली म्हणाल्या, आणि मी तो आकडा घेऊन घरी आले. परळच्या स्टेशनबाहेरच्या गर्दीत, भाजीवाल्यांच्या ओरडण्यात, मी १०४ घेऊन चालत होते.

त्याच रात्री दोनला फोन आला. ठोके दीडशेच्या घरात गेलेत आणि लय पूर्ण विस्कटलीय. एट्रियल फिब्रिलेशन, म्हणजे वरचे कप्पे नीट आकुंचन न पावता नुसते थरथरतात. आम्ही पोचलो तेव्हा काचेतून दिसत होतं, वर मॉनिटर वेड्यासारखा, कुठे घाई कुठे खंड, आणि खाली आई गाढ झोपलेली. कपाळाला आठीसुद्धा नाही. तो विरोध मला सहन होईना. छाती इतकी धडधडतेय आणि त्या माणसाला घाबरायलाही होत नाहीये. मॅडम म्हणाल्या, ते बेट नुसतं ठोके सांभाळत नाही, आपले ठोके आपल्याला जाणवतात तेही तिथूनच. म्हणजे हाकणारा आणि बातमी आणणारा दोन्ही एकाच घरातले, आणि घरच पडलेलं. औषध चढवलं, पहाटे लय परत आली. आता प्रश्न असा की ही लय आधीपासूनच अधूनमधून बिघडत होती आणि त्यातून गुठळी होऊन मेंदूत गेली, का मेंदूच्या हिसक्याने हृदय बिघडलं. बीज आधी का झाड आधी, तसंच ते. होल्टर, म्हणजे अंगावर बाळगून सलग ईसीजी टिपणारं मशीन, लावलं, घरी आल्यावरही लावलं, खात्रीने कुणी सांगितलं नाही. गुठळी होऊ नये म्हणून रक्त पातळ करायची गोळी आणि ठोके आवरायची गोळी, दोन्ही कायमच्या सुरू झाल्या.

आणि पाचव्या दिवशी मी मॅडमना ते विचारलं. नको होतं विचारायला. मी आनंदाने सांगत होते की आम्ही बोललो की आईचे ठोके वाढतात, आणि त्या जरा थांबल्या. मग अगदी मऊ आवाजात म्हणाल्या, असं होऊ शकतं, नाही असं मी म्हणणार नाही, तुम्ही बोलत राहा. पण ताप असला तरी वाढतात, लघवी तुंबली तरी वाढतात, आणि या जागेला मार बसला की काहीच कारण नसताना आपोआपही वाढतात, तेव्हा आकड्यावरून त्यांच्या मनातलं ठरवू नका. मी मान हलवली. काल चौथ्या दिवशी संध्याकाळी काय होतं मग ते? रात्रीच्या फिब्रिलेशनची सुरुवात? मी कानाशी जे बोलले ते आणि तो आकडा, यांचा काही संबंध होता का नव्हता? मॅडमचं काही चुकलं नाही, त्यांनी खरं तेच सांगितलं. पण त्या दिवशी माझ्याकडचं आईचं एकमेव बोलणं गेलं.

लहानपणी दत्तजयंतीच्या कीर्तनात बुवा अष्टसात्त्विक भाव बोटावर मोजून सांगायचे. अंग ताठणं, घाम, रोमांच, आवाज फुटणं, कंप, रंग उतरणं, अश्रू, आणि शुद्ध हरपणं. आई पहिल्या रांगेत बसून मान डोलवायची. देव भेटला की अंगावर हे उमटतं, ढोंग करून आणता येत नाही, म्हणून ते खरं, असं बुवा म्हणायचे. या सगळ्या गोष्टी ज्या नसा करतात त्यांच्यावर आपला हुकूम चालत नाही, हे डॉक्टरही सांगतात. आपल्या बोलण्यातही तेच आहे, काळजात धस्स होतं, हातपाय गार पडतात, घशाला कोरड पडते, पोटात गोळा येतो, अंग जे सांगतं त्यावर आपण तोंडच्या शब्दांपेक्षा जास्त विश्वास ठेवतो. आणि मग घरी आणल्यावर आई रडायला लागली. कुकरची शिट्टी झाली की रडायची, पंखा लावला की रडायची, आणि मध्येच रडता रडता हसायची. स्ट्रोकनंतर हे होतं, आत दुःख असेलच असं नाही, बांध फुटल्यासारखं नुसतं पाणी येतं. तिच्या उजव्या तळव्याला घाम येतो, भीतीचा नाही. उजवा हात गार पडलेला असतो, धक्क्याने नाही. मी ज्या खुणांवरून माणूस ओळखत आले त्या सगळ्या तिच्या अंगावर उमटतात आणि आत कुणी त्या पाठवल्यात का, हे मला सांगता येत नाही.

रविवारी लेकीला मी खरं तर सांगायला हवं होतं. की हे छोटं मशीन मागच्या काही सेकंदांची सरासरी दाखवतं, तू आई म्हणालीस तेव्हा ते कदाचित अजून काकूंचाच आकडा दाखवत असेल. की आजी सकाळी जी गोळी घेते ती ठोक्यांना उड्या मारूच देत नाही. की करंजीला वाढले कारण ती हसली, आणि हसताना सगळ्यांचेच वाढतात. सोमवारी सकाळी वेणी घालताना हे सगळं सांगितलं मी तिला, आणि सॉरीपण म्हटलं. तिने ऐकून घेतलं आणि विचारलं, "म्हणजे तुझ्या नावाला वाढायला हवे होते का?" मी रिबन बांधत राहिले.

संध्याकाळी आईला उठवायची आमची एक पद्धत आहे. एकदम उभं केलं तर तिचं प्रेशर पडतं, डोळ्यांपुढे अंधारी येते, कारण उभं राहताना नसा आवळून रक्त वर ठेवणारी यंत्रणाही स्ट्रोकनंतर ढिली पडलीय. म्हणून आधी बसवायचं, पाय खाली सोडायचे, वीस आकडे मोजायचे, मग उठायचं. आकडे तीच मोजते. सोमवारी मी ऑफिसमधून दादरला गाडी सोडत, पुढच्या गाडीत घुसून, जिने चढत, घामाघूम होऊन आले आणि तशीच तिच्यासमोर स्टुलावर बसले. ऑक्सिमीटर उशीपाशीच होता. आईने डाव्या हाताने तो उचलला, एका हाताने चिमटा उघडायला तिला वेळ लागला, दोनदा निसटला, मी मदतीला हात पुढे केला तर तोच हात तिने मांडीवर दाबून धरला आणि माझ्या बोटाला चिमटा लावला. ११२. तिला आकडे मोजता येतात पण वाचता येतात का, आम्हाला अजून नक्की माहीत नाही. ती वाकून बघत राहिली. मी काढायला गेले तर तिने माझं मनगट सोडलं नाही. खाली गल्लीत कुणीतरी स्कूटर चालू करत होतं, ती सुरू होत नव्हती. १०३. ९६. मी काही बोलले नाही, तीही नाही. ८४ झाले तेव्हा तिने मनगट सोडलं, म्हणाली, "बरं," आणि पाय खाली सोडून एकपासून मोजायला लागली.